दोन बोटं माया

डॉक्टरांनी तारीख दिली नाही.
मी गिऱ्हाइकाला देतो, चिठ्ठीवर लिहून,
खाली कापडाचा तुकडा टाचून:
गुरुवार, सहानंतर.
तीस वर्षांत चारदा चुकलो,
त्यातलं एकदा पंचगंगेचं पाणी
शुक्रवार पेठेत मशीनच्या पायडलपर्यंत आलेलं.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात नर्स नाशिकची.
उठताना म्हटलं, येतो हं.
ती हसली, "मावशी, तुम्ही बायका पण येतो म्हणता?"
म्हटलं, कोल्हापूरची बाई येतो म्हणते, जेवतो म्हणते,
मरतो पण तसंच म्हणत असणार,
मला अजून म्हणून बघायचंय.
तिनं फाईल मिटली आणि खिडकीकडं बघितलं.
चांगली पोरगी.
तिच्या ॲप्रनची शिवण काखेत उसवलेली.

स्वादुपिंड म्हणे.
असलं खमंग नाव, आणि चव तेवढी गेली.
तांबड्या रश्श्याला लोखंडाचा वास येतो,
पांढऱ्याला कसलाच येत नाही.
तरी ह्यांनी रविवारी मटण आणलंच.
मी वाढलं आणि समोर बसलो.
ह्यांच्या कपाळावर घाम, नाक ओढत
भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवणं.
बघून पोट भरतं म्हणायची आई.
खोटं आहे ते.
पण बघावंसं वाटतं, इतकं खरं.

पायात जोर नाही म्हणून मशीनला मोटर बसवली.
पाय तरी पायडलवर उगाच हलतो,
झोपेत पोरगं दूध ओढतं तसा.
जैनब शेजारी हूक लावत बसते,
तोंडात टाचण्या धरून बोलते,
निम्मं कळत नाही, हो म्हणतो.
वाऱ्यावर कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येतो दुपारी.
तो मात्र येतो अजून. नीट येतो.

परवा चौगुल्यांचा अभिनंदन धावत आला,
जर्सी खांद्यावर फाटलेली,
"मावशी, चारला मॅच हाय!"
अंगातच राहू दे म्हटलं, दुहेरी टाका घातला,
त्याचा खांदा गरम, घोड्यासारखा थरथरणारा.
मॅच हरली पेठ.
पोरगं रात्री दारावरनं मान खाली घालून गेलं,
शिवण जागच्या जागी होती.

शिंत्र्यांची सून वैशाखातल्या लग्नाचं कापड घेऊन आली.
मोरपंखी, काठ बोटभर.
वैशाखाला पाच महिने.
चिठ्ठीवर पेन थांबलं,
तिला वाटलं शाई संपली, तिनं आपलं पुढं केलं.
मी लिहिलं, पुढचा गुरुवार.
"एवढ्या लवकर कशाला मावशी?"
म्हटलं, होऊन जाऊ दे. दंडाला माया जास्त सोडतो,
लग्नानंतर अंग भरतं.

माया म्हणजे शिवणीच्या आत
न कापता ठेवलेलं कापड. दोन बोटं.
बाहेरून दिसत नाही,
गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही,
आणि तिच्याशिवाय शिवलेलं वर्षभर टिकत नाही.

गणपतीपासून माझेच ब्लाऊज तीनदा आत घेतले.
अंग उतरत चाललंय,
आत मायेचा थर वाढत चाललाय,
बरगडीला टोचतो आता.
जैनबनं टाचण्या काढून ठेवल्या, चक्क स्पष्ट बोलली:
"काप की गं ते. कुणासाठी ठेवलंयस?"
काय सांगणार?
कात्री हातात घेतली होती,
मग तिनंच आणलेला चहा निवायला लागला,
ते राहूनच गेलं.

संध्याकाळी हे फौंड्रीतनं आले,
मनगटापर्यंत काळी रेती.
उद्या काय आहे, विचारतात हल्ली, रोज,
जणू मी कुठं गावाला निघालोय.
म्हटलं, दोन ब्लाऊज, एक परकर,
सुरवंट्यांच्या म्हातारीच्या पिशवीची चेन.
आणि सोमवारी शाहूपुरी.
पर्समध्ये फाईलच्या वर
पांढरा दोरा ओवून सुई ठेवलीय,
त्या पोरीला म्हणायचं,
हात जरा वर कर.